नकाशातला रंग आणि गल्लीतला माग

श्रोतेहो, आपल्या शहराच्या विकास आराखड्याचा नकाशा तुमच्यापैकी किती जणांनी नीट पाहिला आहे? नगररचना कार्यालयाच्या भिंतीवर तो टांगलेला असतो. पिवळा रंग म्हणजे निवासी भाग, निळा म्हणजे व्यापारी, जांभळा औद्योगिक आणि हिरवा शेतीचा. लांबून पाहिला तर दारापुढच्या रांगोळीसारखा दिसतो. माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्या माणसाला तो आवडायलाही हरकत नाही. पण आपले घर या रांगोळीच्या कोणत्या रंगात बसते, हे बहुतेकांना दाराशी नोटीस आल्यावरच कळते. पिवळ्या रंगात राहून जांभळ्या रंगाचे काम केले, की तो गुन्हा होतो. या गुन्ह्याची शिक्षा कोणती, ती कुणाला बसते आणि कुणाला बसत नाही, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

धंद्यांना जागा नेमून देणे ही काही इंग्रजांनी किंवा महापालिकेने शोधून काढलेली गोष्ट नाही. आपल्या जुन्या गावांतल्या गल्ल्यांची नावे वाचा. तांबट आळी, बुरूड आळी, कासार गल्ली, कुंभारवाडा, बागवान गल्ली, मोमीनपुरा. ही नावे म्हणजे त्या काळचा आराखडाच. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत घर आणि कारखाना एकाच छपराखाली असे. पुढे हातोडा चाले, मागे चूल पेटे. त्या ठोक्यांची तक्रार कोण करणार? आळीत राहणारा प्रत्येक जण ठोकणाराच होता. आता या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गायचा मोह होतो, तो मला आवरावा लागतो. कारण याच व्यवस्थेने कातडे कमावणारा ढोर, चामड्याचे काम करणारा चांभार गावाच्या कडेला नेऊन ठेवला. दुर्गंधी गावाबाहेर ठेवायची, हे समजू शकते. पण त्यासाठी माणूसही गावाबाहेर ठेवला गेला, आणि पुढे त्याने ते काम सोडले तरी त्याला आत घेतले गेले नाही. तेव्हा जुने ते चांगले आणि नकाशा तेवढा वाईट, असे मी म्हणणार नाही. नव्या नकाशाने निदान माणसाची जात विचारली नाही. त्याने जमिनीचा वापर विचारला.

आपल्या राज्यात हे विचारणारा कायदा म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. या कायद्याच्या भाषेत 'विकास' हा शब्द आपल्या रोजच्या अर्थाने येत नाही. नवी इमारत बांधणे हा विकास आहेच. पण आहे त्या इमारतीच्या वापरात मोठा बदल करणे हाही विकासच. म्हणजे बैठकीच्या खोलीत तुम्ही छापखाना घातलात, तर एक वीटही न हलवता तुम्ही विकास केलात. आणि तो परवानगीशिवाय केलात, तर ५२ वे कलम तुमची वाट पाहत असते. त्यात कमीत कमी एक महिना आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद सांगितलेली आहे. दंड दोन हजारांपासून पाच हजार रुपयांपर्यंत. गुन्हा चालूच राहिला, तर दर दिवसाला दोनशे रुपयांपर्यंत आणखी.

याचा अर्थ घरात काहीच करायचे नाही असा नव्हे. घरच्या माणसांनी, पगारी मजूर न ठेवता, शेजाऱ्याला धोका होणार नाही असा घरगुती उद्योग करायला नियमांत मुभा असते. राष्ट्रीय बांधकाम संहितेने अशा उद्योगासाठी विजेची मर्यादा पाऊण किलोवॅट, म्हणजे एक अश्वशक्ती, एवढी धरली आहे. शिलाई यंत्र यात आरामात बसते. विड्या वळणाऱ्या बाईला तर मोटारच लागत नाही. पण यंत्रमागाचे काय? साध्या मागाला साधारण तेवढीच मोटार लागते. म्हणजे एक माग असेपर्यंत तुम्ही घरात राहता आणि दुसरा माग बसवला की कारखान्यात राहता. आणि एका मागावर कुणाचे घर चालले आहे, असे मी तरी पाहिलेले नाही.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर ही आपल्याकडची मागांची गावे. अशाच एका गावात माझे बालपण गेले आणि आजही मी तिथेच राहतो. आमच्या गल्लीत बीए झालेले लोक फार नाहीत. त्यामुळे कवी म्हणून माझा उपयोग काय, हा प्रश्न गल्लीने केव्हाच सोडवून टाकला आहे. सरकारी कागद आला की तो माझ्याकडे वाचायला येतो. काही वर्षांपूर्वी चार माग चालवणारे एक म्हातारे गृहस्थ असाच एक कागद घेऊन आले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. तेलुगू बोलणारे, विणकरांच्या घरातले. चष्मा घरी विसरला असे म्हणाले, पण तो त्यांच्या खिशातून डोकावत होता.

"भाई, एवढं वाचून दाखवा की. बंद करा म्हणून लिव्हलंय का?"

मी म्हणालो, "मामा, बंद करा असं नाही लिहिलं. 'अनधिकृत वापर तात्काळ थांबविण्यात यावा' असं आहे."

"म्हणजे माग थांबवायचा, का वापर थांबवायचा?"

मी त्यांना समजावून सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. वीस-बावीस वर्षे ते त्या मागांचे वीजबिल भरत होते आणि त्या बिलावर औद्योगिक दर लावलेला होता. घरपट्टीतही ती जागा निवासी म्हणून नव्हती, धंद्याची म्हणून नोंदलेली होती, आणि त्या दराने पैसे घेतलेले होते. दोन खिडक्यांवर त्यांचा कारखाना मान्य होता. तिसऱ्या खिडकीवर तो गुन्हा होता. मामांचे म्हणणे एवढेच होते की या तिन्ही खिडक्या एकमेकींशी बोलत का नाहीत? त्याचे उत्तर बीएच्या अभ्यासक्रमात नव्हते.

'शास्ती' हा आपला जुना शब्द आहे, आणि कायद्याच्या मराठीने तो जिवंत ठेवला आहे. महापालिका क्षेत्रात बेकायदा बांधकाम असेल तर दरवर्षी मालमत्ता कराच्या दुप्पट रक्कम शास्ती म्हणून घेण्याची तरतूद महापालिका कायद्यात आहे. पिंपरी-चिंचवडच्या लोकांना हा शब्द पाठ झाला होता. तिथे शास्तीकराच्या माफीवर निवडणुकांमागून निवडणुका लढवल्या गेल्या आणि शेवटी २०२३ साली सरकारने ती माफी दिली. गंमत अशी, की शास्ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, हे त्याच कायद्यात लिहिलेले आहे. म्हणजे पैसे भरूनही तुम्ही गुन्हेगारच, फक्त पावती असलेले.

मात्र दंड आणि शास्ती यांच्याहून वेगळी अशी एक शिक्षा आहे, तिचे नाव सील. दाराच्या कडीला कापड, त्यावर लाख, लाखेवर शिक्का. दंडाची रक्कम श्रीमंताला चहापाण्याची वाटते. सील मात्र सगळ्यांचेच दार बंद करते. निदान दिसायला तरी.

या सीलची सर्वात मोठी कहाणी दिल्लीत घडली, म्हणून थोडा वेळ दिल्लीला जाऊ. दिल्लीचा पहिला बृहत् आराखडा १९६२ चा. दिल्ली विकास कायदा १९५७ चा. त्या कायद्यात आराखड्याविरुद्ध जागा वापरली तर पाच हजारांपर्यंत दंड आणि पुढे दिवसाला अडीचशे रुपयांपर्यंत, असे लिहिले होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत निवासी वस्त्यांमध्ये दुकाने आली, गोदामे आली, शिवणकामाचे कारखाने आले. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्यांनी घराच्या पुढच्या खोलीत दुकान काढले, त्यांच्या मुलांनी वर मजला चढवला. आराखड्यात व्यापारासाठी जेवढी जागा ठेवली होती, तेवढी प्रत्यक्षात तयारच झाली नाही. आणि अडीचशे रुपये रोज हा दंड नव्हे, ते भाडेच झाले. तेही स्वस्त भाडे.

मग १६ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या खटल्यात निकाल दिला. निवासी जागेचा व्यापारी वापर होत असेल तर महापालिका आयुक्तांना ती जागा सील करण्याचा अधिकार आहे, असे न्यायालयाने सांगितले. मार्चमध्ये देखरेखीसाठी समिती नेमली. निवडणूक आयोगात नाव कमावलेले के. जे. राव त्या समितीत होते, भुरेलाल होते, निवृत्त मेजर जनरल सोम झिंगन होते. मार्चच्या अखेरीस सीलबंदी सुरू झाली. व्यापाऱ्यांनी बंद पुकारले. मे महिन्यात संसदेने घाईघाईने कायदा करून कारवाईला एक वर्षाची स्थगिती दिली. न्यायालयाने पुन्हा कारवाईचा आग्रह धरला. २० सप्टेंबर २००६ रोजी ईशान्य दिल्लीतल्या सीलमपूरमध्ये सीलबंदीविरुद्धच्या निदर्शनांना हिंसक वळण लागले, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. सीलमपूर ही काही बड्या शोरूमवाल्यांची वस्ती नव्हे. कपडे शिवणारे, छोट्या यंत्रांवर पोट भरणारे लोक तिथे राहतात. ज्या बाजारांवर हा सारा खटला गाजला, ते बाजार दक्षिण दिल्लीतले होते. गोळी मात्र सीलमपूरमध्ये झाडली गेली.

त्या दिवसांत सरकारने दोन हजारांहून अधिक रस्ते मिश्र किंवा व्यापारी वापरासाठी अधिसूचित केले. ७ फेब्रुवारी २००७ रोजी २०२१ पर्यंतचा नवा आराखडा आला. काल जे बेकायदा होते ते राजपत्राच्या एका अंकाने कायदेशीर झाले, फक्त रूपांतर शुल्क भरायचे. ज्यांची गल्ली यादीत आली ते सुटले. शेजारची गल्ली आली नाही, तिथले लोक टांगणीला राहिले. आणि ती जी एक वर्षाची स्थगिती होती ना, ती नव्या नव्या कायद्यांनी वाढत गेली. २०११, २०१४, २०१७, २०२०. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने ती आणखी तीन वर्षांनी, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. एका वर्षाची सवलत वीस वर्षे टिकली. मध्येच २०१७ च्या डिसेंबरात सीलबंदीची दुसरी लाट येऊन गेली, ते वेगळेच.

मला या गोष्टीत सर्वात जास्त काय खटकते ते सांगतो. दंड कमी की जास्त, हा प्रश्न माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. शिक्षा लागूही करायची नाही आणि रद्दही करायची नाही, ती छपराच्या वाशाला नुसती टांगून ठेवायची, ही पद्धत घातक आहे. कारण टांगलेल्या शिक्षेला बाजारभाव असतो. कुणीतरी येते, "वरून दबाव आहे" म्हणते, चहा पिते आणि जाते. पुढच्या महिन्यात पुन्हा येते. या भेटींची पावती नसते. कलमात दिवसाला दोनशे लिहिलेले असतात, आणि गल्लीला विचाराल तर ती वेगळा आकडा सांगेल, तोही दार लावून घेतल्यावर. कायदा खरोखर लागू झाला, तर ही भेट बंद होईल. कायदा खरोखर मागे घेतला, तरी ती बंद होईल. म्हणून कुणालातरी तो असाच हवा असतो.

आणि सील लागले तर? मालकाचे नुकसान होते, हे खरेच. पण मागाच्या मालकाकडे निदान माग असतो. मीटरवर मजुरी घेणारा विणकर, कांड्या भरणारी बाई, तागे उचलणारा पोरगा, यांचा आठवड्याचा पगार त्या लाखेखाली जातो. त्यांना नोटीसही येत नाही, कारण कायद्याच्या नजरेत ते ना मालक ना भोगवटादार. आमच्या गल्लीतल्या कांडीवाल्या बायांना कारखाना बंद झाल्याचे दाराशी येऊन कुलूप पाहिल्यावर कळते.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, हा कवी बेकायदा धंद्यांची वकिली करायला बसला आहे. तसे नाही. नकाशातले रंग कशासाठी आहेत, याची आठवण करून देणाऱ्या तारखा आपल्याकडे कमी नाहीत. ८ डिसेंबर २०१९, रविवार, पहाटेची वेळ. दिल्लीच्या राणी झाशी रस्त्याजवळच्या अनाज मंडीत, दाट वस्तीतल्या एका इमारतीला आग लागली. आत पिशव्या आणि तत्सम वस्तू बनवणारे छोटे कारखाने होते. कामगार कामाच्याच जागेत झोपले होते. बाहेर पडायला वाट अरुंद, गल्ली एवढी चिंचोळी की बंब आत जाईना. ४३ माणसे गेली, बहुतेक धुराने गुदमरून. त्यांतले कितीतरी बिहारमधून आलेले तरुण होते. त्याआधी दोन वर्षे, १८ डिसेंबर २०१७ ला, मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या गाळ्याला आग लागली. तीही पहाटेच. आत झोपलेले १२ कामगार मेले. या माणसांना मारणारी गोष्ट कोणती? धंदा निवासी वस्तीत होता, ही एक. पण वेळ पाहा. दोन्ही ठिकाणी पहाट. दोन्ही ठिकाणी झोपलेली माणसे.

आवाजाचेही तेच. मागाची खटखट ही ज्यांची रोजी आहे, त्यांना तिच्यावाचून झोप येत नाही. मलाही येत नाही, वीज गेली की जाग येते. पण भिंतीपलीकडे भाड्याने राहणारी नर्स रात्रपाळी करून सकाळी येते. तिला झोप कशी लागायची? तिने तक्रार केली तर गल्ली तिच्यावर रागावते, "आमच्या पोटावर उठली" म्हणते. ती पोटावर उठलेली नसते. तिला सहा तास डोळा लागायला हवा असतो. नियम तिच्यासाठीही आहे, आणि तो तिच्या उपयोगी पडत नाही, कारण तिच्या अर्जावर येणारा माणूसही चहा पिऊनच जातो.

तेव्हा मला वाटते ते एवढेच, की शिक्षा रंगावरून ठरण्याऐवजी धोक्यावरून ठरावी. चार मागांचा मामा आणि ज्वालाग्राही रसायनांचे पिंप तळघरात ठेवणारा कारखानदार, या दोघांना एकच कलम आणि जवळपास एकच रक्कम लागते, हे कुणाच्याही न्यायबुद्धीला पटण्यासारखे नाही. पहिल्याला रात्री दहानंतर माग बंद ठेवायला सांगा, मागाखाली हादरे शोषणारी जाडी बसवायला सांगा, मुदत द्या. दुसऱ्याचे दार त्याच दिवशी बंद करा आणि ते पुन्हा कुणाच्या फोनवरून उघडू नका. आणि एखाद्याला जांभळ्या पट्ट्यात जा म्हणायचे असेल, तर त्या पट्ट्यात चार मागांपुरता गाळा आधी तयार असावा. दिल्लीत १९९६ पासून न्यायालयाने कारखाने हलवण्याचे आदेश दिले. बवानासारख्या नव्या औद्योगिक वसाहती त्यानंतर उभ्या राहिल्या. आधी हुकूम, मग जागा. नोव्हेंबर २००० मध्ये त्यावरूनही दिल्लीच्या रस्त्यांवर दंगे झाले.

ज्यांच्या घरी असा कागद आला असेल त्यांच्यासाठी एक-दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. नोटीस घ्यायला नकार देऊ नका. नकार दिल्याने ती टळत नाही, दारावर डकवतात. तिच्यात कोणते कलम लिहिले आहे आणि किती दिवस दिले आहेत, ते पहिल्यांदा वाचा. आपल्या कायद्यात नोटिशीच्या मुदतीत परवानगीसाठी अर्ज करता येतो, आणि तो निकालात निघेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. मामांना हे ठाऊक नव्हते. ते थेट एका कार्यकर्त्याकडे निघाले होते. आम्ही अर्ज लिहिला, वीजबिले जोडली. दोन माग एका नातेवाइकाच्या शेडमध्ये औद्योगिक वसाहतीत गेले, दोन घरी राहिले. अर्जाचे उत्तर यायला इतका वेळ लागला, की तोवर घरच्या दोनांपैकी एक माग मोडीत निघाला होता. आता मामा एकाच मागाचे धनी आहेत, म्हणजे पूर्णपणे कायदेशीर. मोडीत काय भाव आला, ते मात्र त्यांनी मला सांगितले नाही.

शेवटी सोलापूरची एक गोष्ट. १८ मे २०२५ च्या पहाटे सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली. आठ जण मेले. त्यांत मालक होते, त्यांच्या घरातली माणसे होती, दीड वर्षाचे बाळ होते, आणि कामगारांचे कुटुंब होते. ही सगळी माणसे कारखान्यातच राहत होती. नकाशात ती जागा जांभळी. धंद्याला अगदी योग्य. तिथे कुणी 'अनधिकृत वापर' म्हणून धंद्यावर बोट ठेवले नसते. आराखडा वस्तीतला कारखाना शोधतो, कारखान्यातली वस्ती त्याला दिसत नाही. गल्लीतल्या लोकांसाठी मी आजवर परवान्यांचे बरेच अर्ज भरून दिले आहेत. त्यांत जागेचे क्षेत्रफळ विचारतात, मोटारीची अश्वशक्ती विचारतात, कामगारांची संख्या विचारतात. रात्री इथे किती माणसे झोपतात, असा रकाना मला अजून एकाही अर्जात दिसलेला नाही.